स्वेच्छा की सवलत? : ऊर्जाबचतीच्या शासन-उद्योग करारांची चिकित्सा

सारांश : उद्योगांनी ठरावीक मुदतीत ऊर्जावापर कमी करण्याचे अभिवचन द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात शासनाने नवा कायदा किंवा नवा कर लादू नये, अशा स्वरूपाचे करार १९९० नंतरच्या दशकात अनेक औद्योगिक देशांत झाले. प्रस्तुत लेखात नेदरलँड्स, डेन्मार्क, ब्रिटन, जर्मनी, युरोपीय मोटारउद्योग आणि चीन येथील अनुभवांची चिकित्सा केली असून त्यांच्या प्रकाशात भारतातील ऊर्जासंवर्धनाच्या धोरणाकडे पाहिले आहे. अशा करारांचे यश ‘स्वेच्छे’वर नव्हे, तर करारामागे उभ्या असलेल्या कायद्याच्या वा कराच्या धाकावर आणि लक्ष्य ठरविण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : स्वेच्छा-करार, ऊर्जा-कार्यक्षमता, आधारवर्ष, करसवलत, ऊर्जाबचत प्रमाणपत्र.

१. प्रास्ताविक

करार म्हटला की दोन पक्ष आले, देवाणघेवाण आली आणि करार मोडला तर काय, हा प्रश्नही आला. ऊर्जाबचतीसाठी शासन आणि उद्योग यांच्यात होणाऱ्या करारांना मात्र ‘स्वेच्छा-करार’ असे नाव मिळाले आहे. या नावातच एक विसंगती आहे. पूर्णपणे स्वेच्छेने करावयाच्या गोष्टीसाठी कराराची गरज नसते. आणि करार असेल तर त्यात काही ना काही बंधन असावेच लागते. ही विसंगती केवळ शाब्दिक नाही. उद्योगाने नेमके काय देऊ केले आणि शासनाने त्याच्या बदल्यात काय सोडून दिले, हा प्रश्न तिच्या आड बहुधा झाकला जातो.

या विषयावरील लेखनात दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एका पक्षाच्या मते असे करार म्हणजे सहकार्याचे नवे पर्व होय. दुसऱ्या पक्षाच्या मते ते कर चुकविण्याचे सभ्य साधन आहे. प्रत्यक्षात उपलब्ध असलेला पुरावा या दोहोंपैकी कोणत्याच भूमिकेला पूर्णतः दुजोरा देत नाही. म्हणून एकेका कराराची रचना पाहूनच मत बनविणे उचित ठरेल.

२. करारामागील युक्तिवाद

स्वेच्छा-करारांचे स्थूलमानाने तीन प्रकार सांगता येतील. पहिल्यात उद्योगसंघटना एकतर्फी घोषणा करते. जपानमधील कैदान्रेन या संघटनेने १९९७ मध्ये जाहीर केलेला कृतिकार्यक्रम या प्रकारात मोडतो. दुसऱ्यात शासन व उद्योग वाटाघाटी करून लेखी करार करतात. तिसऱ्यात शासन एखादा कार्यक्रम आखते आणि त्यात सामील होण्याची मुभा उद्योगांना देते.

या करारांच्या बाजूचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोणत्या भट्टीतून किती उष्णता वाया जाते, कोणता पंप गरजेपेक्षा मोठा आहे, वाफेची कोणती वाहिनी गळते, ही माहिती कारखान्यात असते, मंत्रालयात नसते. सर्व कारखान्यांना एकच मानक लावणारा कायदा काहींना फार सैल, तर काहींना फार कडक ठरतो. शिवाय ऊर्जाबचतीचे अनेक उपाय अल्पावधीत खर्च भरून काढणारे असूनही अमलात येत नाहीत, कारण व्यवस्थापनाचे लक्ष उत्पादनाकडे असते आणि ऊर्जेचे देयक हा अटळ खर्च मानला जातो. करारामुळे निदान लेखापरीक्षण होते, एका व्यक्तीवर जबाबदारी येते आणि संचालक मंडळासमोर आकडे येतात.

परंतु हाच युक्तिवाद उलट बाजूनेही लागू पडतो. माहिती कारखान्याकडेच असेल, तर आपल्याला किती बचत सहज शक्य आहे हेही कारखान्यालाच ठाऊक असते. लक्ष्य ठरविताना तो जे सांगेल ते शासनाला मान्य करावे लागते. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, तसा हा प्रकार होतो. उत्तीर्णांचे प्रमाण मोठे असल्यास त्यात नवल कोणते?

३. नेदरलँड्स : यशाचा हिशेब

या करारांचा आदर्श म्हणून नेदरलँड्समधील दीर्घमुदती करारांचा उल्लेख नेहमी होतो. १९९२ पासून तेथील शासनाने एकेका उद्योगक्षेत्राशी करार केले. १९८९ च्या तुलनेत २००० पर्यंत ऊर्जा-कार्यक्षमतेत साधारणपणे २० टक्के सुधारणा, हे लक्ष्य होते. औद्योगिक ऊर्जावापराचा सुमारे ९० टक्के हिस्सा या करारांखाली आला. शासनाच्या वतीने एक तांत्रिक संस्था मदतीला होती, अनुदाने होती आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल देणे बंधनकारक होते. मुदतीअखेर सुधारणा २२ टक्क्यांच्या घरात पोचली. म्हणजे लक्ष्य पूर्ण झाले.

तथापि, लक्ष्य पूर्ण झाले म्हणजे कराराने काम केले, असे सिद्ध होत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्यास १ टन मालासाठी १०० एकके ऊर्जा लागत होती; दहा वर्षांनी ८० लागू लागली. परंतु त्याची जुनी यंत्रे आयुष्य संपल्यामुळे बदलावीच लागणार होती आणि बाजारात मिळणारी नवी यंत्रे मुळातच कमी ऊर्जा खाणारी होती. तेवढ्याने ऊर्जावापर ८८ वर आला असता, तर कराराचे श्रेय २० एककांचे नसून ८ एककांचेच होय. रिटबर्गन, फार्ला आणि ब्लोक या डच अभ्यासकांनी २००२ मध्ये याच दिशेने हिशेब मांडला. करार आणि त्याच्या जोडीचे साहाय्यक उपाय मिळून एकूण बचतीचा सुमारे एक चतुर्थांश ते निम्मा भागच त्यांच्या खाती जमा करता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. उरलेली बचत करार नसतानाही झाली असती.

हा निष्कर्ष दुहेरी आहे हे लक्षात घेतले पाहिजे. एक चतुर्थांश ते निम्मा भाग म्हणजे शून्य नव्हे. करार निव्वळ देखावा होता असे म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो. त्याचबरोबर अधिकृत आकडा जसाच्या तसा यश म्हणून मिरविणाऱ्यांनाही तो सावध करतो.

१९९९ मध्ये तेथील मोठ्या ऊर्जाभक्षी उद्योगांशी दुसऱ्या पिढीचा करार झाला. त्यानुसार २०१२ पर्यंत आपापल्या क्षेत्रातील जगातील अग्रगण्य कारखान्यांच्या पंक्तीत बसण्याचे वचन उद्योगांनी दिले आणि शासनाने या उद्योगांवर ऊर्जाबचतीची अतिरिक्त राष्ट्रीय बंधने न घालण्याचे कबूल केले. उद्योगाचे वचन भविष्यातील तुलनेवर अवलंबून होते. शासनाचे वचन मात्र तत्काळ लागू झाले. देवाणघेवाणीतील ही असमानता प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाची वाटते.

४. कराचा धाक : डेन्मार्क आणि ब्रिटन

डेन्मार्कने १९९६ पासून उद्योगांवरील कार्बन-डायऑक्साइड कर आणि करार यांची सांगड घातली. जड प्रक्रिया-उद्योगांसाठी २००० मध्ये कराचा दर टनास २५ क्रोनर होता. परंतु जो कारखाना लेखापरीक्षण करून शासनाशी करार करी त्यास ३ क्रोनरच भरावे लागत. करार तीन वर्षांचा असे. येथे ‘स्वेच्छा’ म्हणजे दोन पर्यायांतील निवड होती आणि दोन्ही पर्यायांना किंमत होती. शासनाने आपला अधिकार सोडला नव्हता. तो वापरण्याची रीत बदलली होती.

ब्रिटनने हाच मार्ग अधिक व्यापक प्रमाणावर अवलंबिला. १ एप्रिल २००१ पासून उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या ऊर्जावापरावर ‘हवामानबदल आकार’ लागू झाला. जी उद्योगक्षेत्रे बचतीचे लक्ष्य स्वीकारून करार करतील, त्यांच्यातील पात्र कारखान्यांना या आकारात ८० टक्के सवलत मिळू लागली. पहिल्याच टप्प्यात लक्ष्यापेक्षा कितीतरी अधिक बचत झाल्याचे जाहीर झाले. यावर दोन प्रकारची मते व्यक्त झाली. एकिन्स आणि इथरिज यांनी २००६ मध्ये असे दाखविले, की लक्ष्ये फारशी कठीण नसली तरी करारामुळे उद्योगांचे ऊर्जेकडे लक्ष वेधले गेले आणि या जागरूकतेचाही काही परिणाम झाला. हे मत समंजस आहे. पण ते लक्ष्यांच्या सैलपणाची कबुलीही देते.

अधिक कठोर परीक्षा राल्फ मार्टिन, लॉर द प्रू आणि उलरिक वाग्नर यांच्या २०१४ मधील अभ्यासाने घेतली. त्यांनी क्षेत्राची सरासरी न पाहता प्रत्यक्ष कारखान्यांच्या आकडेवारीचा आधार घेतला. करारास पात्र कोण, हे जुन्या प्रदूषणनियंत्रण नियमांवरून ठरत असल्यामुळे करार करणारे आणि न करणारे यांची तुलना तुलनेने निर्दोषपणे करता आली. त्यात असे आढळले, की पूर्ण आकार भरणाऱ्या कारखान्यांनी सवलतधारक कारखान्यांपेक्षा ऊर्जा-तीव्रतेत सुमारे १८ टक्के आणि विजेच्या वापरात सुमारे २२ टक्के अधिक घट केली. आणि या घटीपायी रोजगार, उलाढाल किंवा कारखाने बंद पडण्याचे प्रमाण यांवर लक्षणीय विपरीत परिणाम झाल्याचे दिसले नाही.

या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे. करवाढीने कारखाने बुडतील आणि कामगार रस्त्यावर येतील, या भीतीपोटी सवलत दिली गेली. ती भीती त्या पातळीच्या करापुरती तरी निराधार ठरली. आणि ज्यांनी सही केली त्यांनी कमी बचत केली, ज्यांनी पैसे भरले त्यांनी जास्त केली. डेन्मार्क व ब्रिटन यांच्या उदाहरणांवरून एवढे म्हणता येईल, की करारामागे कर असणे आवश्यक आहे. परंतु सवलत फार मोठी आणि लक्ष्य फार सोपे असेल, तर करार कराचीच धार बोथट करतो.

५. धाक नसलेली वचने : जर्मनी आणि मोटारउद्योग

जर्मन उद्योगसंघटनांनी १९९५ मध्ये हवामानरक्षणाची घोषणा केली आणि १९९६ मध्ये तिला सुधारित रूप देताना आधारवर्ष म्हणून १९९० स्वीकारले. आधारवर्षाची निवड ही वरवर तांत्रिक बाब वाटते. पण येथे तीच निर्णायक ठरली. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले. पूर्व जर्मनीतील जुनाट, कोळशावर चालणारे कारखाने त्यानंतरच्या काही वर्षांतच मोठ्या संख्येने बंद पडले किंवा नव्याने उभारले गेले. त्यामुळे घटीचा बराचसा भाग वचनापूर्वीच पदरात पडला होता. इतिहासाने घडविलेले परिवर्तन उद्योगाच्या सदिच्छेच्या खाती मांडले गेले, ही अनेक टीकाकारांची तक्रार होती.

मोटारउद्योगाचे उदाहरण याहून बोलके आहे. युरोपीय मोटार-उत्पादकांच्या संघटनेने १९९८ मध्ये युरोपीय आयोगास वचन दिले, की नव्या मोटारींचे सरासरी कार्बन-डायऑक्साइड उत्सर्जन २००८ पर्यंत किलोमीटरला १४० ग्रॅमवर आणले जाईल. १९९५ मध्ये ते सुमारे १८६ ग्रॅम होते. प्रत्यक्षात २००८ मध्ये ते १५४ ग्रॅमच्या आसपास राहिले. संघटनेचे वचन कोणत्या कंपनीने किती पाळावयाचे, हे ठरलेले नव्हते. वचनभंगासाठी दंड नव्हता. अखेर २००९ मध्ये युरोपीय संघाने कायदा करून २०१५ साठी १३० ग्रॅमची मर्यादा घातली आणि ती ओलांडणाऱ्या कंपन्यांना दंड ठरविला. २०१५ मध्ये सरासरी १२० ग्रॅमच्याही किंचित खाली आली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : हे आकडे प्रयोगशाळेतील चाचणीचे आहेत, आणि चाचणी व रस्त्यावरील प्रत्यक्ष वापर यांतील अंतर याच काळात वाढत गेले. म्हणजे कायदाही मोजमापाच्या प्रामाणिकपणावाचून अपुरा पडतो. मात्र दहा वर्षे वचनाची वाट पाहण्यात गेली, हे नाकारता येत नाही.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००३ मध्ये विविध देशांच्या अनुभवांचा आढावा घेऊन जे मत नोंदविले, ते या संदर्भात मार्मिक आहे. बहुतेक स्वेच्छा-करारांची लक्ष्ये पूर्ण झाली. परंतु करार नसता तर जे झाले असते त्याहून लक्षणीय वेगळे काही घडले, अशी उदाहरणे थोडीच सापडली, असा त्या मताचा आशय होता.

६. चीन : कराराचे आज्ञेत रूपांतर

चीनने डच करारांचा नमुना समोर ठेवून २००३ मध्ये शान्तुंग प्रांतातील दोन पोलाद कारखान्यांशी प्रायोगिक करार केले. २००६ मध्ये त्यातूनच देशातील सर्वाधिक ऊर्जा वापरणाऱ्या सुमारे १,००० उद्योगांचा कार्यक्रम आकारास आला. देशाच्या एकूण ऊर्जावापराचा सुमारे एक तृतीयांश भाग या उद्योगांकडे होता. पाच वर्षांत १० कोटी टन कोळशाइतकी बचत हे लक्ष्य होते. ते ओलांडून १५ कोटी टनांपर्यंत बचत झाल्याचे शासनाने जाहीर केले. परंतु येथे स्वेच्छेचा अंश फारसा उरला नव्हता. लक्ष्ये वरून ठरत, उद्योग स्थानिक शासनाशी करारपत्रावर सही करीत आणि अधिकाऱ्यांच्या बढतीचे मूल्यमापनही त्यावर होई. याचे दुष्परिणामही दिसले. २०१० च्या उत्तरार्धात, मुदत संपत आली असता, काही ठिकाणी लक्ष्यपूर्तीसाठी सरळ वीजपुरवठाच तोडण्यात आला. कार्यक्षमता वाढविणे आणि वापर थांबविणे यांतील भेद आकड्यांच्या धाकाखाली पुसला गेला. म्हणून केवळ धाक पुरेसा आहे, असाही निष्कर्ष काढता येणार नाही.

७. भारताचा संदर्भ

भारताने ऊर्जासंवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत केला आणि १ मार्च २००२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. २००३ मध्ये पर्यावरण-रक्षणाच्या कॉर्पोरेट उत्तरदायित्वाची सनद १७ प्रदूषणकारी उद्योगप्रकारांसाठी तयार झाली. ती कायद्याच्या किमान मानकांपलीकडे स्वेच्छेने जाण्याची सनद होती. उपकरणांवरील तारांकित लेबलांची योजना २००६ मध्ये स्वेच्छेच्या तत्त्वावर सुरू झाली आणि २०१० मध्ये वातानुकूलन यंत्रे, दवरहित शीतकपाटे, ट्यूबलाइट व वितरण रोहित्रे यांसाठी ती सक्तीची करण्यात आली. घरोघरी असणाऱ्या छताच्या पंख्यांसाठी मात्र ही सक्ती २०२३ मध्ये आली. स्वेच्छेचा टप्पा तयारीपुरता असावा की वाट पाहण्यापुरता, हा प्रश्न या दोन तारखांमधील अंतर उपस्थित करते.

महाराष्ट्रातील एक प्रयोगही येथे आठवतो. तीव्र भारनियमनाच्या काळात, २००६ मध्ये, पुण्यातील उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवून शहराची सुमारे ९० मेगावॉटची तूट भरून काढण्याची तयारी दाखविली. हा स्वेच्छेचा करार म्हणून गौरविला गेला. परंतु त्याला वीज नियामक आयोगाच्या आदेशाचा आधार होता आणि महागड्या इंधनाचा भार शहरातील ग्राहकांवर आकार बसवून भागविला गेला. त्यातून शहरास वीज मिळाली. ऊर्जेची बचत झाली नाही. तरीही कोण काय देतो आणि त्याचे पैसे कोण भरतो हे त्यात जाहीर सुनावणीतून ठरले, हा त्याचा गुण मान्य करावा लागेल.

उद्योगांसाठीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे २०१२ पासूनची ‘कामगिरी, साध्य व व्यापार’ योजना. ती कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तिला स्वेच्छा-करार म्हणता येत नाही. परंतु लक्ष्यनिश्चितीचा प्रश्न तिलाही सुटलेला नाही. पहिल्या आवर्तनात, म्हणजे २०१२-१३ ते २०१४-१५ मध्ये, ८ क्षेत्रांतील ४७८ उद्योग होते. लक्ष्य ६६.८६ लाख टन तेल-समतुल्य बचतीचे होते, साध्य ८६.७ लाख टन झाले. म्हणजे लक्ष्याहून सुमारे ३० टक्के अधिक. ही बचत खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. परंतु तिची दुसरी बाजू बाजारात दिसली. अधिक बचत करणाऱ्यांना ३८.२५ लाख प्रमाणपत्रे मिळाली, तर कमी पडणाऱ्यांना केवळ १४.२५ लाख विकत घ्यावयाची होती. मागणीच्या अडीचपटींहून अधिक पुरवठा झाल्यावर भाव पडणे अपरिहार्य होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या व्यवहारात सुमारे १३ लाख प्रमाणपत्रे जवळपास १०० कोटी रुपयांना विकली गेली. म्हणजे सरासरी भाव ८०० रुपयांच्याही आत राहिला. शासनाने ठरविलेले १ टन तेल-समतुल्याचे मूल्य १० हजार रुपयांहून अधिक होते. प्रामाणिकपणे जादा गुंतवणूक करणाऱ्यास मिळालेला हा मोबदला पुढील गुंतवणुकीस उत्तेजन देणारा नव्हता. सैल लक्ष्याची किंमत शेवटी उत्तम कामगिरी करणाऱ्यानेच मोजली.

याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर ऊर्जासंवर्धन अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये कार्बन-पत व्यापार योजना अधिसूचित झाली. तिचे यशही लक्ष्यांच्या काठिण्यावरच अवलंबून राहील. शिवाय या सर्व योजनांच्या कक्षेबाहेर राहिलेला लघुउद्योगांचा मोठा वर्ग आहे. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांसारख्या समूहांत भट्टी सुधारण्यास वाव आहे. पण तेथे ना स्वतंत्र ऊर्जा-व्यवस्थापक असतो, ना वाटाघाटीस बसण्याची ताकद. अशा ठिकाणी धाकापेक्षा तांत्रिक साहाय्य व सुलभ कर्ज यांची गरज अधिक आहे, आणि समूहाच्या संघटनेशी केलेला करार तेथे खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरू शकेल.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लक्ष्यपूर्ती हा कराराच्या यशाचा पुरावा नव्हे. करार नसता तर काय झाले असते, याचा अंदाज करारापूर्वीच प्रसिद्ध झाला पाहिजे.

२) आधारवर्ष आणि मोजमापाची पद्धत ठरविण्याचा अधिकार लाभार्थी पक्षाकडे असू नये.

३) शासनाने द्यावयाची सवलत टप्प्याटप्प्याने, साध्य झालेल्या बचतीच्या प्रमाणात मिळावी, सहीबरोबर ती पूर्ण देऊ नये.

४) संघटनेच्या सामूहिक वचनाबरोबर प्रत्येक कारखान्याचा वाटा निश्चित असावा आणि त्याची आकडेवारी जनतेस उपलब्ध असावी.

५) मोठे उद्योग व लघुउद्योग यांच्यासाठी एकच साधन वापरणे योग्य नाही.

सहकार्याचे तत्त्व त्याज्य आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. डच अनुभवातील जो एक चतुर्थांश ते निम्मा भाग खरोखर करारामुळे साध्य झाला, तो लेखापरीक्षण, तांत्रिक साहाय्य व वार्षिक अहवाल यांच्यासह झाला, आणि त्याचे अनुकरण अवश्य व्हावे. आक्षेप आहे तो आकारणी सोडून देण्याला स्वेच्छेचे नाव देण्यास. उद्योगास माफ झालेली रक्कम शासनाच्या तिजोरीत न आलेली रक्कम असते, आणि वाया गेलेल्या ऊर्जेचा धूर कारखान्याच्या कुंपणात राहत नाही. या दोहोंचा भार ज्यांच्यावर पडतो ते करारावर सही करणाऱ्यांत नसतात. म्हणून अशा प्रत्येक कराराचा मसुदा सही होण्यापूर्वी जाहीर चर्चेसाठी खुला असणे, ही किमान अपेक्षा ठरते. अर्थशास्त्र, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या अध्यापकांनी या मसुद्यांचे व वार्षिक अहवालांचे वाचन विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास ही चर्चा केवळ तज्ज्ञांपुरती मर्यादित राहणार नाही.